कडक गाठ म्हणजे कॅन्सरच? सुईची भीती घालणाऱ्या मेसेजला उत्तर

"मॅडम, सुई नको. जे आहे ते आहेच, आता थेट काढूनच टाका."

बायोप्सीच्या, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा तपासायला घेण्याच्या, खोलीबाहेर उभ्या असलेल्या त्या बाईंचं वय चाळिशीच्या आतलं होतं. सोबत मोठी बहीण होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे वाचा ना. सगळ्यांना आलंय."

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे सहसा माणूस येत नाही, फॉर्मॅलिनच्या बाटलीत त्याचा तुकडा येतो. त्या दिवशी नमुना पुरेसा निघतोय का हे बघायला मी त्या खोलीपर्यंत गेले होते, म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचला. त्याआधी तो माझ्याही मोबाइलवर दोन-तीनदा आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. याचं मला वाईट वाटतं, कारण तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: "स्तनातली गाठ दगडासारखी कडक असेल, जागची हलत नसेल, वरची कातडी आत ओढली जात असेल तर तो कॅन्सरच. मॅमोग्राफीत काटे दिसले किंवा रिपोर्टवर ४ किंवा ५ आकडा आला तर शंभर टक्के. बायोप्सी करू देऊ नका, सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो. वेळ न घालवता स्तन काढून टाका. गाठ मऊ, गोल, हलणारी किंवा दुखणारी असेल तर घाबरू नका, ती साधीच असते. रिपोर्टमध्ये बिनाइन (कॅन्सर नाही) लिहिलं की विषय संपला. प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा."

हा मेसेज पटतो, कारण त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या खऱ्यावर पुढचा सगळा डोलारा उभा केलाय.

"कडक, न हलणारी, कातडी ओढणारी गाठ म्हणजे कॅन्सरच."

अशी गाठ हाताला लागली की डॉक्टरांच्या मनातही आधी कॅन्सरच येतो, आणि यायलाच हवा. ती दाखवायला टाळाटाळ करू नये, हे मेसेजइतक्याच जोराने मीही सांगेन. पण शंका आणि खात्री यांत गल्लत झाली की त्याची किंमत बाईला अवयव देऊन मोजावी लागते.

गाठ कडक का लागते? कॅन्सरच्या पेशी स्वतः काही दगडी नसतात. त्यांच्याभोवती शरीर जुन्या जखमेच्या वणासारखे चिवट तंतू विणतं, ते कडक असतात. हे तंतू हळूहळू आकसतात. स्तनाला आतून तोलून धरणारे बारीक पट्टे असतात, त्यांना कूपरचे बंध म्हणतात. ते थेट कातडीपर्यंत गेलेले असतात. तंतू आकसले की बंध खेचले जातात आणि बाहेर कातडीवर खळगा पडतो. म्हणजे बोटाला जाणवतो तो ताण. हा ताण कॅन्सरमुळे आलाय की आणखी कशामुळे, हे बोटाला कळायचा मार्ग नाही.

आणि तो आणखी कशानेही येऊ शकतो. सगळ्यात चकवणारं उदाहरण म्हणजे ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह या रशियन पॅथॉलॉजिस्टने १९२६ मध्ये या गाठींचं वर्णन केलं. तेव्हा त्या स्नायूंच्या पेशींपासून होतात असा समज होता, म्हणून नावही 'मायोब्लास्टोमा' असं पडलं. पुढे कळलं की त्यांचा उगम 'श्वान' नावाच्या पेशींमध्ये, म्हणजे नसांभोवती वेष्टण घालणाऱ्या पेशींमध्ये आहे. नसा अंगभर आहेत, म्हणून ही गाठही कुठेही होऊ शकते. जिभेवर ती सगळ्यात जास्त आढळते. स्तनातला वाटा एकूण ग्रॅन्युलर सेल ट्यूमरच्या साधारण ५ ते १५ टक्के धरला जातो, त्यामुळे एखाद्या सर्जनने सगळ्या कारकिर्दीत अशी एकही गाठ पाहिलेली नसणं अगदी शक्य आहे.

आता तिची लक्षणं ऐका. कडक. न दुखणारी. कधी वरच्या कातडीला, तर कधी खालच्या छातीच्या स्नायूला चिकटलेली. कातडीवर खळगा. मॅमोग्राफीत काटेरी कडा. कापली तर आतून पांढुरकी-पिवळसर आणि टणक, इतकी की ऑपरेशनच्या टेबलावर उघडी गाठ हातात घेऊनही सर्जन फसू शकतो. मेसेजमधला प्रत्येक निकष ही गाठ पूर्ण करते. आणि तरी शंभरातल्या ९८-९९ ग्रॅन्युलर सेल ट्यूमर कॅन्सर नसतात. एक छोटासा फरक मात्र मला नेहमी लक्षात ठेवावासा वाटतो. कॅन्सर स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला जास्त होतो. ही गाठ वरच्या आतल्या भागात, छातीच्या मधल्या हाडाकडे जास्त दिसते, कारण गळपट्टीच्या हाडावरून उतरणाऱ्या नसा तिथल्या कातडीत पसरलेल्या असतात. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही, फक्त विचारांत एक नाव जास्तीचं येतं.

अशीच चकवणारी दुसरी गाठ म्हणजे डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस, तीही कॅन्सर नसते. स्तनातल्या सगळ्या गाठींमध्ये तिचा हिस्सा ०.२ टक्क्यांच्याही खाली आहे. ती छातीच्या स्नायूत मुळं रोवल्यासारखी घुसते, म्हणून हलत नाही. कधी ती जुन्या ऑपरेशनच्या किंवा इम्प्लांटच्या जागी उगवते. लांबच्या अवयवांत ती पसरत नाही, मात्र काढली तरी त्याच जागी परत येण्याची खोड तिला आहे.

मधुमेहातही असं घडतं, हे फार कमी जणींना माहीत असतं. बरीच वर्षं इन्सुलिनवर असलेल्या, बहुतेक टाइप १ मधुमेहाच्या बाईला एका किंवा दोन्ही स्तनांत कडक, वेडीवाकडी, न दुखणारी गाठ येऊ शकते. १९८४ मध्ये याचं पहिल्यांदा वर्णन झालं, डायबेटिक मास्टोपॅथी या नावाने ती ओळखली जाते. सोनोग्राफीत तिच्यामागे इतकी गडद सावली पडते की कॅन्सरशिवाय दुसरं काही सुचू नये. स्लाइडवर दिसतात ते फक्त दाट तंतू आणि दुधाच्या गाठोळ्यांभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी. तिचा कॅन्सर होत नाही. ती काढली तर बऱ्याचदा पुन्हा होते, म्हणून निदान पक्कं झाल्यावर तिला हात न लावणंच बरं.

आणि मार लागल्याने, ऑपरेशनने किंवा रेडिएशनने स्तनातली चरबी मरते तेव्हा होणारी गाठ, फॅट नेक्रोसिस, ही तर दुर्मीळही नाही. ली आणि अडेअर या डॉक्टरांनी १९२० मध्येच ती कॅन्सरपासून वेगळी कशी ओळखायची यावर लिहिलं होतं. शंभर वर्षांनंतरही ती आम्हाला चकवते, कारण मार कधी लागला होता हे बाईला आठवतच नाही. गाडीला ब्रेक लागून सीटबेल्टचा हिसका बसलेला असतो, निळं-काळं झालेलं आठवड्यात जातं, आणि गाठ दिसते कित्येक महिन्यांनी.

"मॅमोग्राफीत काटे दिसले किंवा ४-५ आकडा आला तर शंभर टक्के."

काट्यांचं कारण वर आलंच आहे, आकसणारे तंतू चित्रात काट्यांसारखे दिसतात. रेडियल स्कार नावाचा एक प्रकार, जो स्वतः कॅन्सर नसतो, तर नावापासूनच व्रण आहे. मधून निघून चहूकडे पसरणाऱ्या रेघा, आणि मध्यभागी पांढऱ्या गोळ्याऐवजी काळपट भाग. रेडिओलॉजिस्ट त्याला 'काळा तारा' म्हणतात. चित्र ओळखीचं असलं तरी कॅन्सरही कधीकधी असाच दिसतो, म्हणून चित्रावर विसंबून कोणी सोडून देत नाही.

आकड्यांचा गैरसमज जास्त घातक आहे, म्हणून तो नीट सोडवायला हवा. रिपोर्टवरचा बाय-रॅड्स आकडा ही आजाराची पायरी नाही. ४ म्हणजे चौथी स्टेज असं समजून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हा आकडा सांगतो की या चित्रामागे कॅन्सर असण्याची शक्यता किती आणि पुढे काय करायचं. ३ म्हणजे शक्यता जास्तीत जास्त २ टक्के, थोड्या महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे २ ते ९५ टक्क्यांच्या मधली कुठलीही, बायोप्सी करा. पट्टा एवढा रुंद आहे म्हणून त्याचे तीन तुकडे केलेत: ४ए मध्ये २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. म्हणजे ४ए आलेल्या शंभर जणींपैकी नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना कॅन्सर निघत नाही. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. आणि ६ हा आकडा बायोप्सीने कॅन्सर आधीच सिद्ध झाला असेल तेव्हाच लिहितात. ज्यांनी हे आकडे बसवले त्यांनी 'सिद्ध झालं' यासाठी वेगळी जागा राखून ठेवली आणि ती बायोप्सीच्या नंतर ठेवली. मेसेज ४ आणि ५ लाच ६ करून टाकतो.

"मग पीईटी स्कॅन करून खात्री करू," असंही कोणी सुचवतं. पीईटीत जास्त साखर खेचणारी जागा चमकते. दाह असलेली जागाही चमकते, फॅट नेक्रोसिसही चमकतो. रक्तातल्या सीए १५-३ चं तसंच आहे, ती चाचणी गाठीचं निदान करायला नाहीच.

"बायोप्सी करू देऊ नका, सुई टोचली की कॅन्सर पसरतो."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. बाकीची वाक्यं चुकीची आहेत, हे वाक्य माणसाचं नुकसान करतं.

त्या खोलीत नेमकं काय होतं ते सांगते. बाई उताणी झोपते, हात डोक्यावर. कातडीत बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, तेवढं चुरचुरतं. मग दोन-तीन मिलिमीटरचा छेद. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दिसत असते आणि तिच्याकडे तिरकी सरकणारी पांढरी रेघ म्हणजे सुई. सुई बहुतेक १४ गेजची, बाहेरून साधारण दोन मिलिमीटर जाडीची. स्प्रिंग सुटल्याचा 'टक्' असा मोठा आवाज येतो. त्या आवाजाने दचकायला होतं, म्हणून चांगले रेडिओलॉजिस्ट आधी हवेत एकदा वाजवून दाखवतात. सुईच्या खाचेत शेवईएवढा बारीक, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा येतो. असे चार-पाच तुकडे बाटलीत टाकतात. मी आधी बघते ते तुकडा तरंगतो की बुडतो. नुसती चरबी आली तर पिवळा तुकडा वर तरंगत राहतो. पांढरा तुकडा तळाला गेला की समजायचं, गाठीतलं काहीतरी हाती लागलंय.

आता पसरण्याबद्दल. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकतात का? हो. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काढलेल्या स्तनात बायोप्सीची वाट तपासली तर काही रुग्णांत तिथे इकडेतिकडे विखुरलेल्या पेशी सापडतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण बायोप्सी आणि ऑपरेशन यांत जितके दिवस जास्त जातात तितक्या या पेशी कमी सापडतात, म्हणजे मूळ जागेवरून सुटलेल्या पेशी तिथे तग धरत नाहीत. सुईच्या वाटेवर प्रत्यक्ष गाठ उगवल्याच्या नोंदी मोजक्या आहेत. आणि सुईची बायोप्सी झालेल्या बायका त्यामुळे लवकर दगावतात असं दिसलेलं नाही. आज जगभर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार सुरू होतात ते याच सुईने. ती इतकी घातक असती तर ते कधीच डोळ्यांवर आलं असतं.

खरा त्रास काय होतो? काळंनिळं होतं, थोडं रक्त साचतं, दोन-चार दिवस ठणकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. क्वचित जंतुसंसर्ग. बस.

आणि समजा, कॅन्सरच असेल. तरी त्याला नाव काय, हार्मोनला प्रतिसाद देणारा आहे का, हर-२ नावाचं प्रथिन त्यात जास्त आहे का, हे त्या तुकड्यावरच कळतं. कितीतरी जणींना ऑपरेशनच्या आधी औषधं देऊन गाठ लहान करतात आणि मग स्तन वाचवता येतो. तुकडा नसेल तर ही सगळी दारं बंद. सुई टाळून बाईचा फायदा कुठल्याच बाजूने होत नाही.

त्या बाईंना हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. बहिणीने एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरच्या कोणाला सांगाल का हेच?" मी म्हटलं, हेच. त्या आत गेल्या.

दोन दिवसांनी स्लाइड माझ्यासमोर आली. आम्ही तुकडा मेणात बसवतो, तीन-चार मायक्रॉनचा काप घेतो आणि दोन रंगांनी रंगवतो, निळसर जांभळा केंद्रकाला आणि गुलाबी बाकीच्या पेशीला. रिपोर्टवर ४सी होतं, म्हणून मी कॅन्सरच्या तयारीने डोळा लावला. नलिकांच्या मधून पेशींचे पुंजके घुसले होते, अगदी कॅन्सर घुसतो तसे. पण पेशी मोठ्या, ऐसपैस, आणि त्यांचं पोट गुलाबी रवाळ कणांनी भरलेलं. केंद्रक लहान, शांत, मधोमध. विभागणाऱ्या पेशी दिसेनात. एका प्रकारचा स्तनाचा कॅन्सरही असा गुलाबी रवाळ दिसतो, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर सही करता येत नाही. खास रंग मागवले. स्तनाच्या कॅन्सरला रंगवणारा केराटिनचा रंग त्या पेशींनी घेतलाच नाही. नसांच्या वेष्टणाची खूण सांगणारा एस-१०० हा रंग मात्र सगळ्या पुंजक्यांवर गडद तपकिरी चढला. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर.

"वेळ न घालवता स्तन काढून टाका."

हे एकेकाळी खरंच व्हायचं, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी तो काळ समजून घ्यावा असं मला फार वाटतं. विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. विसाव्या शतकात कित्येक दशकं पद्धत अशी होती: बाईला पूर्ण भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून काही मिनिटांत पॅथॉलॉजिस्टने सांगायचं, आणि 'हो' आलं तर त्याच भुलीत स्तन काढायचा. शुद्धीवर येऊन छातीला हात लावेपर्यंत बाईला आपलं काय झालंय हे माहीत नसायचं. रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंना १९७४ मध्ये गाठ लागली. त्यांनी हे मान्य केलं नाही. आधी फक्त बायोप्सी करा, निकाल मला सांगा, मग पुढचं मी ठरवेन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांना एकामागून एक सर्जन नकार देत गेले. त्या लढत राहिल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, जिच्यात कुशनरही होत्या, निदान आणि ऑपरेशन ही दोन वेगळी पावलं असावीत अशी शिफारस झाली. आज बायोप्सी आधी आणि चर्चा नंतर हा जो क्रम आपल्याला सहज मिळतो, तो असा मिळवलेला आहे. मेसेज तो क्रमच सोडून द्यायला सांगतोय.

गोठवलेल्या तुकड्यावर घाईने सांगणं किती अवघड असतं हे मी रोजच्या कामातून जाणते. रेडियल स्कारमध्ये तंतूंत अडकलेल्या नलिका मायक्रोस्कोपखालीही कॅन्सरसारख्या दिसतात. फरक इतकाच की साध्या नलिकेला बाहेरून पेशींचं दुसरं अस्तर असतं, कॅन्सरमध्ये ते नसतं. पी-६३ नावाच्या रंगाने ते अस्तर नळीभोवती ठिपक्यांच्या कड्यासारखं उठून दिसतं आणि तेवढ्या कड्यावर स्तन वाचतो. डेस्मॉइडची गंमत उलटी. लांबट, शांत दिसणाऱ्या पेशी बघून डेस्मॉइड लिहावंसं वाटतं, पण तसाच दिसणारा एक कॅन्सर असतो, म्हणून केराटिनचे रंग लावल्याशिवाय लिहायचं नाही. या सगळ्याला दिवस लागतात. निदानात आठवडा-दोन आठवडे गेले म्हणून आजार हातचा जात नाही. महिने गेले तर जातो. भीतीपोटी बायोप्सीच टाळली की नेमके महिनेच जातात.

आणि काही आजारांत कापाकापीनेच नुकसान होतं. इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस हा दाह, बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत, तरुण बाईला होतो. १९७२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. कडक गाठ, आत गेलेलं बोंड, काखेत ग्रंथी, सगळं कॅन्सरसारखं. त्यात घाईने सुरी लावली तर जखम भरत नाही, वाहती राहते. आधी क्षयरोग नाही ना हे बघायचं, मग बहुतेकदा औषधं आणि धीर. डेस्मॉइडमध्येही हल्ली लगेच न कापता काही काळ लक्ष ठेवतात, कारण काही गाठी आपोआप थांबतात, काही आकसतातही.

"मऊ, गोल, हलणारी किंवा दुखणारी गाठ साधीच असते."

बहुतेकदा असते. सगळ्यात सामान्य अशी गाठ म्हणजे फायब्रोअॅडेनोमा. पण म्युसिनस नावाचा कॅन्सर आतून चिकट द्रवाने भरलेला असतो, हाताला मऊ आणि चित्रात गोल. वेगाने वाढणारे काही कॅन्सर भोवती तंतू विणायला वेळच देत नाहीत, म्हणून त्यांची कड गुळगुळीत राहते आणि तरुण बाईत ते फायब्रोअॅडेनोमाच वाटतात. दुखण्याचं म्हणाल, तर बहुतेक कॅन्सर दुखत नाहीत हे खरं, पण काही दुखतात. स्तन लाल, गरम, सुजलेला, कातडी जाड आणि छिद्राछिद्रांची झाली असेल आणि प्रतिजैविकांनी उतरत नसेल, तर तो दाह करणारा कॅन्सर असू शकतो. तो झपाट्याने वाढतो. 'दुखतंय म्हणजे साधं' या समजापायी तिथे थांबणं परवडत नाही.

पुरुषांनाही इथेच सांगून टाकते, कारण मेसेज फक्त बहिणींना आहे. पुरुषाच्या स्तनातही कॅन्सर होतो. मायोफायब्रोब्लास्टोमा नावाची एक निरुपद्रवी गाठ तर बऱ्याचदा वयस्क पुरुषांतच दिसते. नियम तोच.

"बिनाइन लिहिलं की विषय संपला."

हे वाक्य वाचून सुटकेचा श्वास घेतला जातो, म्हणून ते जास्त जपून वाचायला हवं. सुईने गाठीचा एक भागच येतो. त्यामुळे आम्ही तीन गोष्टी शेजारी ठेवतो: हाताला काय लागलं, चित्रात काय दिसलं, स्लाइडवर काय निघालं. स्लाइडवरच्या नावाने बाकी दोन्हीचा उलगडा व्हायला हवा. काटेरी गाठ आणि स्लाइडवर ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, हे जुळतं, ती गाठ काटेरीच असते. काटेरी गाठ आणि स्लाइडवर 'किरकोळ फायब्रोसिस्टिक बदल', म्हणजे स्तनात एरवीही दिसणारे साधे बदल, हे जुळत नाही. अशा वेळी बिनाइन हा शब्द असूनही पुन्हा बायोप्सी करायची, कारण बहुधा सुई गाठीच्या शेजारी लागलेली असते. तुमच्या डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: रिपोर्टमधलं नाव आणि चित्र जुळतंय का?

शिवाय बिनाइन हे एक नाव नाही. स्तनातल्याच फायलोडीस ट्यूमर या गाठीला जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये 'सिस्टोसार्कोमा' असं भीतिदायक नाव दिलं (सार्कोमा हा कॅन्सरचा प्रकार), पण त्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सर नसतात. तरी त्या काठोकाठ कापल्या तर परत येतात, आणि थोड्या खरोखरच घातक निघतात, म्हणून गाठ पूर्ण काढून तपासावी लागते. बोंडातली निपल अॅडेनोमा बाहेरून पॅजेट या कॅन्सरसारखी ओली, खपलीची दिसते. ती साधी आहे हे तुकडा तपासूनच म्हणता येतं. रेडियल स्कारच्या शेजारी कधीतरी लहानसा कॅन्सर दडलेला असतो, म्हणून कोणाचा तो काढायचा आणि कोणावर लक्ष ठेवायचं हे बाईगणिक ठरतं. दुर्मीळ नाव आलं तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवलेल्या असतात, त्या मागता येतात. कोणी दुसऱ्याने बघितलं म्हणून मला तरी कधी राग आलेला नाही, उलट अशा केसेस मी स्वतःहून सहकाऱ्यांना दाखवते.

त्या बाईंची गाठ भोवतीच्या निरोगी कडेसह काढली. स्तन राहिला. वरच्या आतल्या बाजूला एक लहान टाक्यांची रेघ आहे. काढलेल्या गाठीच्या कडा मी शाईने रंगवून तपासल्या, सगळ्या मोकळ्या होत्या. ही गाठ क्वचित परत येते, म्हणून त्यांना सोनोग्राफीला बोलावलंय. परवा त्या तारीख घ्यायला आल्या तेव्हा बहीणही होती. या वेळी मोबाइल पर्समध्ये होता. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "मला वर्षभरापासून डाव्या बाजूला एक हलणारी गाठ लागतेय. मऊ आहे, म्हणून दाखवली नव्हती." तिची सोनोग्राफी मंगळवारी आहे.